आईचा पिक्चर

"कॅमेऱ्याकडे नको बघू, मावशी. विहिरीकडे बघ. आणि हसू नकोस."

"हसतंय कुठं? तोंडच तसं हाय माजं," जोसेफीन म्हणाली आणि पुन्हा हसली.

तिला मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभं केलं होतं. अंगावर तिच्या आईचं जुनं लुगडं होतं, धुऊन धुऊन रंग उडालेलं, जवळजवळ पांढरं. जोसेफीन स्वतः आयुष्यभर नर्सच्या गणवेशात नाहीतर फ्रॉकमध्ये वावरलेली. लुगडं सावरायची सवय नव्हती, त्यामुळे ती एका हातानं काष्टा चाचपत होती. पण पॉलनं हट्ट धरला होता. घर जुनं आहे, विहीर जुनी आहे, मग बाईपण त्यातलीच दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

मरोळ गावठाणातलं हे कौलारू घर तिच्या सासऱ्यानं बांधलेलं. पुढच्या दारी गल्ली, मागच्या दारी विहीर, आणि विहिरीपलीकडे पूर्वी शेतं होती तिथे आता कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड. आज अंगणात थर्माकोलचे तुकडे, वायरी आणि पॉलचे मित्र पसरले होते. नलिनी नावाची एक बारीक मुलगी कानाला हेडफोन लावून पायरीवर बसली होती. आवाज टिपायचं काम तिच्याकडे.

पॉल दोन घरं सोडून राहायचा. बीकॉम झाल्यावर त्याला बँकेत चिकटवायचं त्याच्या आईच्या मनात होतं, पण पठ्ठ्यानं अंधेरीच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये पिक्चर काढायच्या कोर्सला नाव घातलं. आईनं चार दिवस चूल पेटवली नाही, तेव्हा तो जेवायला जोसेफीनकडेच होता. तसा तो लहानपणापासूनच तिच्याकडे असायचा. तिचा एडवर्ड आणि तो एकाच ताटात जेवत मोठे झाले. म्हणजे पॉल मोठा झाला.

"पन मला सांग," जोसेफीन म्हणाली, "आख्खा पिक्चर का नाय काढत? नुसती जाहिरात कशाला?"

"ट्रेलर म्हणतात त्याला. आख्ख्या पिक्चरला कोण देणार कॅमेरा? सर म्हणतात, दोन-तीन मिनिटांत जमवून दाखवा. त्यात पण सगळं येतं." पॉल गुडघ्यावर बसून कंदिलाची वात वर-खाली करत होता. कंदील त्यानं तिच्या पायाशी, जमिनीवर ठेवला होता. "प्रत्येक पिक्चरची एक जात असते, मावशी. हाणामारीचा, प्रेमाचा, देवाचा. बघणाऱ्याला दोन खुणा दिसल्या की तो लगेच ओळखतो, हां, हा अमुक पिक्चर. बंदूक दिसली की एक, पाळणा दिसला की दुसरा. त्या खुणा पेरायच्या. तेच शिकतोय आम्ही सध्या."

"मंग तुज्या पिक्चरची जात कंची?"

वात जरा जास्तच वर आली आणि काच काळी झाली. पॉलनं ती खाली केली.

"आईची," तो म्हणाला. "आईचा पिक्चर आहे."

नलिनीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या मशीनकडे. जोसेफीनच्या ते ध्यानात आलं, पण पोरं पोरींकडे आणि पोरी पोरांकडे बघायचीच, असं मनाशी म्हणून तिनं सोडून दिलं.

सकाळपासून त्यांनी बरंच काय काय काढलं होतं. ती जिना चढताना. ती घरातल्या आल्तारासमोर, येशूच्या तसबिरीपुढे, गुडघे टेकताना. ती बाळंतपण उरकल्यावर धुते तसे कोपरापर्यंत हात धुताना, हे तर तीनदा. सुगंधानं, तिच्याबरोबर काम करणाऱ्या आयाबाईनं, आदल्या दिवशीच चिडवलं होतं, की आता तू हिरोईन झालंस, आमका वळखशील मां. जोसेफीननं उडवून लावलं होतं, पण सकाळी आरशासमोर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ गेला होता खरा.

ऊन उतरलं. चर्चची संध्याकाळची घंटा झाली. पॉल उठून तिच्याजवळ आला आणि पुढचं तो एकदम हळू आवाजात बोलला.

"मावशी, एक शेवटचं. तू एडवर्डला हाक मारायचीस ना, या दारातून. तशी एकदा मारशील?"

जोसेफीननं काष्टा चाचपायचं थांबवलं. हसणंही गेलं.

त्या हाकेची एके काळी गावठाणात ओळख होती. ड्यूटीवरून आली की ती या उंबऱ्यात उभी राहायची आणि 'एडवर्ड, घरी ये रे' म्हणून हाक द्यायची. ती हाक शेतांवरून थेट दगडाच्या खाणीपर्यंत जायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, एडवर्डची आय ओरडली, भात चढवा आता. मग एका पावसाळ्यात खाण भरली आणि पोरं पोहायला गेली. पॉल तापानं पडला होता म्हणून गेला नव्हता. जोसेफीन प्रसूतिगृहात होती, तिच्या हातात कुणाचं तरी मूल होतं, तेव्हा निरोप आला.

त्या दिवसानंतर तिनं त्या दारातून हाक मारली नाही. नवरा होता तोवर त्याच्यापाशीसुद्धा ते नाव तिनं मोठ्यानं घेतलं नाही. वर्षश्राद्धाच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, नाव द्यायचं झालं तरी ती फादरच्या कानाशी जाऊन कुजबुजायची.

"नसेल जमत तर राहू दे," पॉल म्हणाला. पण तो तिथून हलला नाही.

जोसेफीननं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीत आता एखादा राठ केस दिसत होता. एडवर्डलाही मिशी आली असती. दोघांनी मिळूनच हा पिक्चर काढला असता कदाचित, आणि तिनं दोघांना ओरडून ओरडून चहा दिला असता. या पोरानं इतक्या वर्षांनी त्याची आठवण काढली. दुसऱ्या कुणी काढली होती?

तिनं विहिरीकडे तोंड केलं, चौकटीला धरलं आणि हाक मारली.

आवाज पहिल्यांदा फाटला. मग तिनं छाती भरून घेतली आणि पुन्हा मारली, आणि या वेळी ती पूर्वीसारखी गेली, शेडच्या पत्र्यांवरून, जिथे खाण बुजवली होती तिकडे. तिसरी हाक पॉलनं सांगितली नव्हती. ती तिची तीच आली.

नलिनीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पॉल कॅमेऱ्यामागे होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पाहून जोसेफीनलाच त्याची कीव आली. तिनं पुढे होऊन लुगड्याच्या पदरानं त्याचं तोंड पुसलं.

पुढच्या रविवारी पॉलनं भाड्याचा व्हीसीआर आणून आपल्या आईच्या टीव्हीला जोडला. दारं लावून घेतली आणि जोसेफीनला खुर्ची दिली. पडद्यावर ती जिना चढली, आल्तारापुढे बसली. मागे व्हायोलिन वाजत होतं. मग दार, दारात ती, आणि हाक. हाकेवर चर्चची घंटा मिसळली होती. शेवटी रिकामं अंगण, बस. जोसेफीन रडली, पॉलची आई रडली, आणि मग दोघींनी मिळून पॉलला केक भरवला.

"असाच दाखवशील ना हॉलमधी?" जोसेफीननं विचारलं.

"हो, म्हणजे अजून थोडं काम आहे," पॉल म्हणाला. तो वाकून वायरी गुंडाळत होता.

इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये सगळ्या पोरांचे ट्रेलर दाखवायचे होते आणि त्यातून एक निवडायचा होता. पॉलनं तिला ये असं म्हटलं नव्हतं. तारीख तिला त्याच्या आईकडून कळली. तिला वाटलं, पोर लाजतंय. तिनं निळा फ्रॉक इस्त्री केला, सुगंधाला बरोबर घेतलं आणि प्रसूतिगृहातल्या आणखी दोघी सिस्टरांनाही सांगितलं. सुगंधा मालवणकडची, नवरा गिरणी सुटल्यापासून वॉचमन. तिनं या कार्यक्रमासाठी डोक्यात अबोलीचा गजरा माळला होता.

हॉल खच्चून भरलेला होता. त्या चौघी भिंतीकडेला बसल्या. सुरुवातीला चंद्रप्रकाश सर बोलले. उंच, खादीचा झब्बा, बोलताना हात हवेत फिरवायची सवय. बरंचसं इंग्रजी होतं, मधूनमधून मराठी.

"ट्रेलर म्हणजे वचन असतं," ते म्हणाले. "प्रेक्षकाला आपण सांगतो, या, तुम्हाला आम्ही हसवू, या, तुम्हाला रडवू. जॉनर, म्हणजे चित्रपटाची जात, ही त्या वचनाची भाषा. मी या मुलांना एक अट घातली होती. एकाच चित्रणातून दोन जातींचे ट्रेलर करून आणा. चित्रं तीच. क्रम बदला, आवाज बदला, वेग बदला. चित्राला स्वतःचा अर्थ नसतो, तो शेजारच्या चित्रामुळे येतो, हे त्याशिवाय कळत नाही. आज त्यातला जो जास्त जमला, तो आपण बघणार आहोत."

"काय म्हनता तो?" सुगंधानं विचारलं.

"काय की. बघू," जोसेफीन म्हणाली.

दोन-तीन मारामाऱ्या झाल्या, एक कॉलेजातलं प्रेम झालं. मग पडदा काळा झाला आणि काळ्यावरच पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज आला. पुन्हा एक थेंब. विहीर दिसली, वरून, तळ न दिसणारी. मग जिना, आणि जिन्यावर पाय. पाय जोसेफीनचे होते, पण इतके सावकाश चालत होते की त्यांना जणू वजनच नव्हतं. आल्तारापुढची ती दिसली, पाठमोरी, आणि मेणबत्ती आपोआप विझली. मग हात. ती हात धूत होती, पुन्हा पुन्हा, कोपरापर्यंत, आणि पाणी काळं काळं वाहत होतं. कुठलीतरी बाई पुटपुटत होती की त्या घरात जन्मलेलं मूल परत मिळत नाही.

जोसेफीनला अजून पुरतं कळलं नव्हतं. ती आपले हात ओळखत होती, आल्तार ओळखत होती. व्हायोलिन कुठे गेलं, एवढंच तिला वाटत होतं.

मग दार उघडलं. दारात पांढरं लुगडं. पायाशी ठेवलेल्या कंदिलाचा उजेड हनुवटीखालून वर चढला होता आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी होत्या. त्या बाईनं तोंड उघडलं आणि हाक मारली. एडवर्ड. आवाज घोगरा, ओढलेला, तळघरातून यावा तसा. घरी ये रे. विहिरीच्या काठावर एक लहान ओला हात वर आला.

हॉल किंचाळला. पुढच्या रांगेतल्या मुली एकमेकींना बिलगल्या. लगेच किंचाळण्याचं हसू झालं, हशाच्या टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. पडद्यावर लाल अक्षरं आली: विहिरीवरची बाई.

"चल गो बाय, ऊठ," सुगंधानं तिचा दंड धरला. "हयसर बसाचा नाय."

जोसेफीन उठली नाही. उठायचं असतं हे तिच्या पायांना आठवलं नाही. दिवे लागले. कुणीतरी वळून पाहिलं, शेजारच्याला कोपर मारलं, आणि रांगेरांगेनं तोंडं तिच्याकडे वळली. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. चंद्रप्रकाश सरांनी हात पुढे करून तिला स्टेजवर बोलावलं.

आणि ती गेली. इतकी माणसं टाळ्या वाजवत असताना नाही म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी तिच्या हातात गुलछडीचा गुच्छ दिला. "तुमच्या आवाजात काय आहे ते आम्हाला शिकवता येणार नाही, मॅडम," ते मनापासून म्हणाले. पॉल त्यांच्या पलीकडे उभा होता. त्याच्या हातात बक्षिसाची ढाल होती आणि नजर ढालीवर.

बाहेर पायऱ्यांवर नलिनी भेटली. तिनं जोसेफीनचा चेहरा पाहिला आणि तिचं अभिनंदन तोंडातच राहिलं.

"आंटी, तुम्हाला पॉलनं सांगितलं नव्हतं?"

"मला दुसरा दाखवला त्यानं. व्हायोलिनचा."

"तो तर..." नलिनीनं मागे वळून पाहिलं. "तो आम्ही नंतर केला. एका दुपारी. अट होती ना दोन करायची, म्हणून. हा पहिल्यापासून हाच होता. लुगडं, खालचा लाइट, सगळं यासाठीच. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही इतकी छान हाक मारलीत, मला वाटलं, तुम्ही अॅक्टिंग करताय."

सुगंधानं तो गुच्छ जोसेफीनच्या हातातून काढून घेतला आणि पायरीच्या कठड्यावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पॉल आला. मागच्या दारानं, नेहमीसारखा. जोसेफीन मसाला निवडत होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही.

"मावशी, ऐकून तर घे. आईच्या रडण्याचे ट्रेलर चार जणांनी केले होते. हॉररच कुणाचा जमला नव्हता. सर म्हणतात, भीती परक्या गोष्टीची वाटत नाही. घर, आई, हाक, हे आपलंच असतं आणि जरा तिरकं झालं की त्याचीच भीती वाटते. मला दुसरं घर कुठं होतं गं? तुझंच घर माझ्या डोळ्यासमोर आलं."

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू हाक मारली नसतीस."

तो खरं बोलला, आणि त्या खऱ्याचीच तिला जास्त चीड आली. तिनं मिरच्यांचं सूप खाली ठेवलं.

"आनि रडलास तो? तो पन ट्रेलरच होता?"

"नाही, मावशी. ते खरं होतं. देवाशपथ."

"म्हंजे रडत रडत केलंस," जोसेफीन म्हणाली.

पॉल चौकटीला टेकून उभा राहिला. मग तीच बोलली. आवाज चढवून नाही, वॉर्डात पेशंटला पथ्य सांगावं तशी.

"माजं तोंड ठेव. लुगडं ठेव. भूत म्हन नाय तर हडळ म्हन, काय म्हनायचं ता म्हन. पन त्याचं नाव काढ. त्या जागी दुसरं कुनाचं पन घाल. एवढं कर."

"करतो. उद्याच करतो," पॉल म्हणाला. "तुझ्या गळ्याची आण."

पुढे थंडी पडली, आणि त्या थंडीत मरोळ नाक्यापासून साकीनाक्यापर्यंत प्रत्येक गल्लीत एकेक व्हिडिओ लायब्ररी निघाली होती. लोक शनिवारी कॅसेट आणायचे, शेजारपाजार गोळा करून रात्रभर बघायचे. कॅसेटच्या सुरुवातीला साबणाच्या, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती असायच्या. त्यात आता एक नवी भर पडली. नाक्यावरच्या लायब्ररीवाल्याशी पॉलची दोस्ती होती. त्यानं तो ट्रेलर आपल्या सगळ्या कॅसेटींना डकवला, त्याच्याकडून दुसऱ्यानं उतरवून घेतला. नाव तेच होतं. हाक तीच होती.

जोसेफीनला ते पोरांकडून कळलं. एका संध्याकाळी ती भात वेळत होती आणि मागच्या दाराबाहेरून घोगरा आवाज आला: एडवर्ड, घरी ये रे. हातातलं भांडं तिनं कसंबसं ओट्यावर टेकवलं. बाहेर गल्लीतली पाच-सहा पोरं होती. ती दिसताच हसत, ओरडत पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच. कधी नुसतं नाव. कधी मुली, कधी मुलगे, आवाज जाड करून, ओढून. त्यांना एडवर्ड कोण ते माहीत नव्हतं. त्यांच्या जन्माआधीची गोष्ट.

इतकी वर्षं ते नाव तिनं कुठे जपून ठेवलं होतं ते तिलाच ठाऊक. रात्री दिवा मालवल्यावर ती ते एकदा मनात उच्चारायची आणि मग झोपायची. आता मनात उच्चारायला गेलं की तो घोगरा आवाज आधी यायचा, आणि त्यामागून हॉलमधला हशा. तिनं ते सोडून दिलं. दार मात्र संध्याकाळी आतून लावायला लागली.

ती पॉलच्या घरी गेली तेव्हा त्याची आई दारातच म्हणाली, "नाय गं तो. शूटिंगला गेलाय. त्याला कंपनीत घेतलं, असिस्टंट म्हनून. ती ढाल बघूनच घेतलं." आणि मग, खाली बघत, "तू मनावर घेऊ नको, जोसेफीन. पोराचं बरं चाललंय." दोघींनी मिळून एकाच शाळेत चिंचा खाल्ल्या होत्या. जोसेफीन म्हणाली, "बरं," आणि परत आली.

प्रसूतिगृहात तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. एक दिवस मालन नावाची पहिलटकरीण आली. दहिसरकडे सासर, इथे माहेरी बाळंतपणाला आलेली. कळा सुरू झाल्या होत्या. जोसेफीन तपासायला पुढे झाली तशी तिनं खाटेवर अंग चोरलं आणि आईचा हात घट्ट पकडला.

"ही नको. आई, ही ती हाय. व्हिडिओतली. हिला नको सांग."

आई ओशाळली. "सिस्टर, राग नका मानू. पोरगी घाबरलीय. त्या व्हिडिओत ते बाळाचं काय तरी होतं ना."

दाराशी सुगंधा उभी होती. ती काहीतरी खरमरीत बोलणार, एवढ्यात जोसेफीननं हातानंच तिला थांबवलं. दुसऱ्या सिस्टरला बोलावून आपण बाजूला व्हायचं, एवढंच करायचं होतं. सोपं होतं. ती वळलीसुद्धा. मग स्टूल ओढून ती मालनच्या उशाशी बसली. हात मांडीवर ठेवले, दिसतील असे.

"मीच ती," ती म्हणाली. "ज्याला हाक मारलेली हाय, तो माजा मुलगा. खानीत बुडला. दहा वर्सांचा होता. मी हितंच होते तवा, ह्याच वॉर्डात. कुनाची तरी सुटका करत होते."

मालनची आई तोंडाला पदर लावून बघत राहिली. या वॉर्डात जोसेफीनच्या तोंडून हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. सुगंधानंसुद्धा नाही. तिला ते बाहेरून माहीत होतं, इतकंच.

"मंग तुमी तसं का वरडला?" मालननं विचारलं. तिच्या कपाळावर घाम होता.

"मी तसं नाय वरडले. आवाज त्यांनी केला. मी साधी हाक मारली, तू उद्या तुज्या पोराला मारशील तशी." जरा थांबून ती म्हणाली, "आता दुसरी सिस्टर पाठवू का मी हात लावू? तू सांगशील ता."

पुढची कळ आली आणि मालननं आईचा हात सोडून जवळ होता तो, जोसेफीनचा हात पकडला.

दुपारी उन्हं कलताना तिला मुलगी झाली. रडायला जरा वेळ लावला, मग असा सूर धरला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. जोसेफीननं पोर पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं आणि कपडे बदलून बाहेर पडली.

फाटकापाशी पॉल उभा होता. नवी स्कूटर, गॉगल डोक्यावर सरकवलेला. बारीक झाला होता. तिला पाहताच पुढे आला.

"मावशी, किती दिवस यायचं म्हणतोय. वेळच नाही मिळत. ऐक, मोठी बातमी आहे. आमच्या साहेबांना तो ट्रेलर दाखवला. ते म्हणतात, आख्खा पिक्चर काढू. खरा, थेटरात लागणारा. आणि बाई तीच पाहिजे म्हणतात, दुसरी कुणी नको. या वेळी सगळं तुला आधी सांगून करू. नाव पण बदलू. तू म्हणशील ते नाव ठेवू."

जोसेफीननं ते सगळं ऐकून घेतलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाव काढतो म्हनाला होतास," ती म्हणाली.

"काढणारच होतो गं. कॅसेट हातातून गेली. तो लायब्ररीवाला..."

"माज्या गळ्याची आन घेतली होतीस."

पॉलनं गॉगल काढून हातात घेतला. जोसेफीन थोडा वेळ थांबली, तो बोलतोय का ते बघत. मग चालायला लागली. सुगंधा मागून फाटकात येऊन उभी राहिली होती, ती जागची हलली नाही.

"मावशी," पॉलनं हाक मारली. जोसेफीन चालत राहिली. बसस्टॉपकडे जाणारा रस्ता खोदलेला होता आणि ती कडेनं, पाय जपून टाकत चालली होती. "मावशी, थांब ना. मावशी." त्याचा आवाज चढला. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. ती नाही वळली.

मग तो ओरडला, "सिस्टर."

जोसेफीन थांबली आणि वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. नोकरीच्या इतक्या वर्षांत फाटकाबाहेर, बसस्टॉपवर, बाजारात, कुणी या नावानं हाक मारली की ती अशीच वळत आली होती.

"बोला," ती म्हणाली. "कुठल्या पेशंटचे तुम्ही?"

पॉल खोदलेल्या रस्त्याच्या अलीकडे गॉगल हातात धरून उभा होता. ती पलीकडे, पिशवी सावरून, उत्तराची वाट बघत थांबली.